मांडीवरचं तिकीट

गुरुसिद्धप्पांच्या घरात आधी कुणी जायचं आणि मागाहून कुणी, हे वयावर ठरत नसे, मानावरही नसे. ज्याचं भाडं चढायच्या बेतात आहे ते आधी हलवायचं, ज्याचं स्थिर आहे ते पडू द्यायचं. तूर असो, करडई असो, नाहीतर माणूस असो. मुरुम गावच्या बाजारात त्यांची आडत होती आणि त्या आडतीवर मी सव्वीस वर्षं मुनीम होतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

त्यांचा मुलगा सिद्धेश्वर इंजिनिअर होऊन पासष्ट सालच्या सुरुवातीला इंग्लंडला गेला. बर्मिंगहॅमला कुठल्याशा कारखान्यात लागला. मागं बायको महादेवी आणि पाच महिन्यांचा बसवराज. पोरगं पोळ्याच्या दिवशी जन्मलेलं. बैलांच्या शिंगांना हिंगुळ लावायचा तो दिवस, आणि बसव म्हणजे नंदी, म्हणून नाव ठेवायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. घरात बसू म्हणायचे.

सहासष्टच्या उन्हाळ्यात सिद्धेश्वरचं पत्र आलं की खोलीची सोय झाली आहे, दोघांना पाठवा. अप्पांनी, म्हणजे गुरुसिद्धप्पांनी, हो म्हटलं. पण जूनमध्ये सरकारनं रुपयाची किंमत उतरवली आणि विमानाचं भाडं एका रात्रीत दीडपट झालं. सोलापूरच्या तिकीटवाल्यानं नव्या भाड्याची चिठ्ठी पाठवली, ती अप्पांनी तीनदा माझ्याकडून वाचून घेतली. मोठ्या माणसाला पुरं तिकीट. दोन ते बारा वर्षांच्या पोराला निम्मं. दोन वर्षांच्या आतल्याला दहावा हिस्सा, फक्त त्याला वेगळी जागा नाही. त्यानं कुणाच्या तरी मांडीवर बसायचं.

अप्पांनी चष्मा काढला. "मुनीम, बसूला दोन वर्षं कधी भरतात?"

"पोळ्याला."

"म्हंजे पोळ्याच्या आत गेला तर दहावा हिस्सा, आन नंतर एकदम निम्मं."

"व्हय."

"महादेवीचं?"

"तिचं पुरं. आधीबी आन नंतरबी."

"मग तिला कशाला घाई?" अप्पा म्हणाले. "पोराला आधी धाडू. ती जाईल पुढच्या साली, भाव उतरल्यावर."

मी म्हटलं, "अप्पा, मांडी कुणाची?"

"मांडीला काय, मांडी ती मांडी!"

मांडी त्यांनी शोधूनही ठेवली होती. सोलापूरच्या प्रेमाबाई बारा सप्टेंबरच्या विमानानं नवऱ्याकडं निघाल्या होत्या. नवरा सिद्धेश्वरच्याच कारखान्यात होता आणि राहायलाही त्याच घराच्या वरच्या मजल्यावर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बाई शिकलेल्या, टापटिपीच्या, मनानं वाईट मुळीच नव्हत्या. मांडी त्यांची रिकामीच जाणार होती. रिकामी बैलगाडी जाताना दिसली की अप्पा आपलं एखादं पोतं तिच्यात टाकल्याशिवाय राहत नसत.

घरात हे सांगितलं त्या दिवशी मी ओसरीवरच होतो. सारजाबाई, म्हणजे अप्पांच्या मंडळी, सगळ्यांच्या अव्वा, शेंगा फोडत बसल्या होत्या. महादेवी दाराच्या आत उभी होती. ती हळूच म्हणाली, "अप्पा, ते अजून अंगावर पितंय."

"मग सोडव की," अव्वा म्हणाल्या. "कोरफड लाव. दोन दिवस थू थू करंल, तिसऱ्या दिवशी भाकर मागंल. सिद्ध्याला म्या असंच सोडवलंय."

"तेवढ्या लांब, अव्वा... परक्याच्या हातात..."

"परक्याच्या कशाला? बापाकडं चाललंय. आन तू बी गेलीस तर हिथं कोण हाय? माझे गुडघे हे असे. का विमानवाली मला येऊन भाकरी थापून देणार?"

अव्वांचं गणित अप्पांपेक्षा सरळ होतं. नातू गेला तर एक तोंड कमी होतं, सून गेली तर दोन हात कमी होतात.

मुलाची संमती मागवली. एरवी पत्राचं उत्तर द्यायला सिद्धेश्वरला दोन महिने लागत, हे उत्तर पंधरा दिवसांत आलं. कल्पना चांगली आहे, प्रेमावहिनी विश्वासाच्या आहेत, महादेवीनं तोवर थोडं इंग्रजी शिकावं. महादेवी चौथी पास होती. मुरुममध्ये तिला इंग्रजी कोण शिकवणार होतं ते पत्रात नव्हतं. ते पत्र मीच वाचून दाखवलं आणि ती ऐकून आत गेली. रडली असेल तर आवाज बाहेर आला नाही.

ऑगस्टात बसूचा पासपोर्ट रजिस्टरनं आला. तो सही करून मी घेतला, म्हणून तो उघडून बघणारा पहिला मीच. आत पोराचा फोटो, डोळे वटारलेला, आणि खाली जन्मतारीख: सहा सप्टेंबर एकोणीसशे चौसष्ट.

मुनीम माणूस दोन पंचांगांत जगतो. वही मितीनं चालते, बँक तारखेनं. मी सवयीनं बोटं मोडली आणि थांबलो. सहासष्ट साली अधिक श्रावण आला होता. धोंड्याचा महिना म्हणून महादेवीच्या बापानं परदेशातल्या जावयाच्या नावानं अनारशांचा डबा पाठवलेला आणि तो अव्वांनी एकटीनं संपवलेला, इतकी ती ताजी गोष्ट. अधिक महिन्यानं सगळे सण पुढं ढकलले होते. पोळा येत होता चौदा सप्टेंबरला आणि विमान बाराला. अप्पांच्या हिशेबानं पोरगं दोन दिवस आत बसत होतं, पण पासपोर्टाच्या हिशेबानं ते सहालाच दोन वर्षांचं होऊन बसणार होतं. जन्माची तारीख या घरात कुणी कधी विचारली नव्हती. पोळा म्हटलं की झालं.

हे मी मालकांना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर अप्पांनी दुसऱ्याच दिवशी सोलापूर गाठून प्रेमाबाईंची तारीख सहा सप्टेंबरच्या आत ओढायला लावली असती. मी पासपोर्ट कपाटात ठेवला.

दुपारी अप्पा झोपले होते. महादेवी चहा घेऊन दुकानाच्या मागच्या दारात आली. "काका, किती दिवस राहिले वो?"

"बाराला विमान. वीस दिवस."

ती उभीच राहिली. मग मी तिला सांगितलं. अधिक महिना, तारीख, मिती, सगळं. दोनदा सांगावं लागलं.

"म्हंजी त्याला घेणार न्हाईत?"

"मांडीवर घेणार न्हाईत. निम्मं तिकीट मागतील. तिथं ऐन वेळेला कोण काढतंय तिकीट? अप्पा तर न्हाईच. तोंड उघडू नको मात्र. आत्ता बोललीस तर तारीख बदलतील. मुंबईला काउंटरवर कागद बोलंल."

"देवाशप्पथ, काका?"

"इतक्या वर्षांत माझी मिती चुकलेली न्हाय."

आता सगळं लिहितोच आहे तर हेही लिहितो. निम्मी मला तिची कणव होती. उरलेली निम्मी ही हौस होती की गुरुसिद्धप्पांची फजिती एकदा, चारचौघांत, मला डोळ्यांनी बघायची होती.

त्या दिवसापासून महादेवी बदलली. घरातले चकित झाले. तिनं स्वतः कोरफड आणून चोळली. बसू दोन दिवस किंचाळला, तिसऱ्या दिवशी दुधात कुस्करलेली भाकर खाऊ लागला. प्रेमाबाई सवय लागावी म्हणून आठ दिवस मुरुमला येऊन राहिल्या, तर महादेवीनंच त्याला आंघोळ घालून, पावडर लावून त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायचं. ओसरीवरच्या बाकावर विमान मांडलं गेलं. प्रेमाबाई खिडकीशी, बसू मांडीवर, पोटाला पदराचा पट्टा. पहिल्या दिवशी पोर दहा मिनिटं बसलं, चौथ्या दिवशी तास, सातव्या दिवशी तिथंच झोपी गेलं. महादेवी दाराआडून बघायची आणि हसायची. परत येणारच आहे, मग चार दिवस कुणाच्या मांडीवर बसलं तर काय बिघडतं, असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं.

विमान बघायला अर्धी गल्ली येई. शेजारच्या हसीनाबी सुईण. या घरातले दोन पिढ्यांचे जन्म त्यांच्या हातचे. त्या लंगोटांचा गठ्ठा शिवून घेऊन आल्या.

"बाई, दोन डझन हाईत. विमानात वाळत कुठं घालनार?"

प्रेमाबाई हसल्या. "विमानात वाळत घालत नाहीत, हसीनाबी."

"मग वल्लं हुईल ते? खिडकीतनं खाली टाकनार? खाली कुनाचा मुलूख हाय, बघून टाका हां. लडाई हुईल."

अव्वा म्हणाल्या, "अफूचं बोंड उगाळून द्यावं. झोपंल गुमान लंडनपत्तर."

"नको अव्वा," प्रेमाबाई घाईनं म्हणाल्या. "मी मांडीवर धरीन. तो राहतो आता माझ्याकडं."

"ऱ्हातो की!" हसीनाबी बसूकडं बघत म्हणाल्या. मग महादेवीकडं वळल्या आणि आवाज उतरवला. "तू कशापायी हसती गं? माझी शेळी इकली तर मी दोन दिवस जेवले नव्हते."

महादेवीनं माझ्याकडं चोरून बघितलं. मी वहीत मान घातली.

अकराला आम्ही यष्टीनं सोलापूर आणि तिथून रेल्वेनं मुंबई गाठली. अप्पा, महादेवी, बसू, प्रेमाबाई आणि कागदपत्रं सांभाळायला मी. सांताक्रूझच्या विमानतळावर गफारशेठ हार घेऊन आले होते. मस्जिद बंदरला धान्याची दलाली करणारे, आमची तूर वर्षानुवर्षं घेणारे. अप्पांनी कोशा फेटा बांधला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "नातू चाललाय. बापाकडं. विमानानं."

बसू प्रेमाबाईंच्या कडेवर होता. महादेवी त्यांच्या शेजारी चालत होती, पोराच्या पिशव्या घेऊन. तिचा चेहरा परीक्षेचा पेपर आधीच बघितलेल्या पोरासारखा शांत होता.

काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट उघडला, तिकीट बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला. "हे मूल दोन वर्षांचं झालंय."

"न्हाय, न्हाय," अप्पा पुढं सरकले. "पोळ्याला हुतंय. पोळा परवा हाय."

"काय परवा आहे?"

"पोळा. बैलांचा."

"बैलांचं मला ठाऊक नाही, आजोबा. इथं सहा सप्टेंबर लिहिलंय. आज बारा."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. बाजारात मापात खोट निघाली की ते हमालाकडं असंच बघत. "मुनीम?"

"यंदा अधिक श्रावण आला, अप्पा. पोळा पुढं गेला."

"हे तुमास्नी आज कळतंय?"

 फजिती बघायला मिळाली होती. फेट्याखाली घाम आला होता, रांगेतले दोन साहेब हसत होते. त्या क्षणापुरतं मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

महादेवीनं पिशव्या खाली ठेवल्या आणि पोरासाठी हात पुढं केले. "आण इकडं. ये बसू. चल घरी."

बसूनं तिच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवून प्रेमाबाईंच्या मानेत घातलं. आठ दिवस तिनंच हे शिकवलं होतं. तिचे हात तसेच हवेत राहिले.

"विमानात जागा आहे," काउंटरवरचा म्हणाला. "निम्मं तिकीट भरलं तर स्वतंत्र सीट मिळेल. वीस मिनिटं आहेत."

माझा सगळा हिशेब अप्पा पैसे काढणार नाहीत यावर उभा होता. गावात असते तर काढलेही नसते. पण इथं हार गळ्यात पडले होते, गफारशेठ बघत होते, आणि नातू चाललाय हे त्यांनी निम्म्या विमानतळाला सांगून झालं होतं. माल वेशीबाहेर काढल्यावर परत आणणारा आडत्या मुरुममध्ये तोंड दाखवू शकत नाही.

"गफारशेठ, जवळ रोकड हाय?"

"जितनी चाहिये उतनी, अप्पा. घरची बात हाय. तुरीचा हिशेब हुईल तवा बघू."

"न्हाय. म्या कुणाच्या पैशावर पोर धाडत न्हाय." अप्पांची नजर इकडंतिकडं फिरली आणि हवेत राहिलेल्या त्या दोन हातांवर येऊन थांबली. "महादेवी, पाटल्या काढ. शेठजीकडं ऱ्हाऊ दे."

ती एक पाऊल मागं सरली.

"तुझ्याच पोराच्या जागंसाठी हायत. म्या काय खातोय का त्या?"

"अप्पा, बहूच्या हातातलं नको," गफारशेठ म्हणाले. "खुदा के वास्ते."

"तुमी गप बसा, शेठ. येव्हार तो येव्हार."

तिच्या बापानं लग्नात घातलेल्या चार पाटल्या होत्या. लग्नानंतर मनगटं भरली होती, त्या निघेनात. अप्पा घड्याळाकडं बघत होते. प्रेमाबाईंनी बसूला एका हातावर सावरलं आणि पर्समधून मलमाची छोटी डबी काढून दिली. "हे लावा, पटकन निघतील." त्यांचा हेतू चांगलाच होता. महादेवीनं मलम लावलं. ती कुणावर ओरडली नाही. वीस दिवस ती इतकी शहाण्यासारखी वागली होती की आता ओरडायचं कसं हेच तिला आठवत नसावं. एक एक पाटली काढून तिनं अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी त्या रुमालानं पुसल्या, तळहातावर तोलल्या आणि गफारशेठना दिल्या. शेठजींनी खाली बघत घेतल्या, पण घेतल्या.

बसू आत गेला. जाताना त्यानं हात हलवला. तेही ओसरीवर शिकवलेलं होतं.

परतीच्या गाडीत अप्पा माझ्याशी पुण्यापर्यंत बोलले नाहीत. दौंडच्या पुढं ते पेंगले, तेव्हा महादेवी खिडकीकडं तोंड ठेवून म्हणाली, "काका, मिती तुमची बरोबर होती."

तिनं पदर मनगटांवर ओढून घेतला.

"बाईच्या अंगावर काय असतंय ते तेवढं हिशेबात धरायचं ऱ्हायलं तुमचं."

ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं वाणसामानाची चूक दाखवावी तसं दाखवलं. माझ्या हातून चिठ्ठ्या, भाव, वायदे, माणसांच्या खोडी, सगळं मोजून झालं होतं आणि समोर उभ्या असलेल्या बाईचे हात मी बघितले नव्हते. मालकानं बघितले. म्हणून तो मालक.

ऑक्टोबरात पाकीट आलं. दसऱ्याची आवक सुरू होती, तरी अप्पांनी काटा थांबवून मला घरी नेलं. अव्वा, महादेवी, हसीनाबी, सगळ्या ओसरीवर बसल्या. आधी प्रेमाबाईंचं पत्र वाचलं.

बसू सुखरूप आहे. विमान उडालं तसा तो त्याच्या जागेवर टिकेना, पट्टा ओढायचा, किंचाळायचा. शेवटी मी त्याला मांडीवर घेतलं. बैरूतपर्यंत फार रडला, सारखा दाराकडं बोट दाखवायचा. बैरूतला विमान उतरून पुन्हा उडालं तेव्हा शांत झाला, त्यानंतर लंडनपर्यंत एकदाही रडला नाही. त्याची जागा रिकामीच होती, तिच्यावर मी हातातल्या पिशव्या ठेवल्या.

"रिकामी?" अप्पा ताडकन म्हणाले. "निम्म्या तिकिटाची जागा, आन पिशव्या ठेवल्या? मग म्या काय बोंबलत हुतो, मांडी ती मांडी! त्या काउंटरवाल्याला अक्कल न्हाय."

"आमच्या लंगोटांचं काय झालं ते लिवलंय का?" हसीनाबींनी विचारलं, पण हसलं कुणी नाही. त्या स्वतःही नाही.

त्याच पाकिटात सिद्धेश्वरच्या चार ओळी होत्या. मुलगा प्रेमावहिनींकडं चांगला रमला आहे. त्या दिवसभर सांभाळतात, मला कामाला जाता येतं. तेव्हा महादेवीच्या तिकिटाची आता घाई करू नये, भाव उतरू द्यावा.

अप्पांनी मान डोलावली. मुलगा आपल्या वळणावर गेला, असं समाधान त्यात होतं. अव्वा गुडघे धरून उठल्या. महादेवी तिथंच बसून होती. मनगटांवर नुसता काचेचा चुडा होता.

"काका, ते बैरूत किती लांब?"

"मुंबईपासून? असंल पाच-सहा तास."

"आन लंडन?"

"त्याच्या दुप्पट. जास्तच."

तिनं बोटांवर मोजलं. "म्हंजी बैरूतपत्तर, आपल्याला सोलापूरला यष्टीनं जाऊन यायला लागतंय तेवढं."

"व्हय. तेवढंच."

"तेवढ्यात झालं त्याचं रडून," ती म्हणाली. मग उठली, कारण आत अव्वांनी पाण्यासाठी हाक मारली होती.

अप्पांनी मला उत्तर लिहायला बसवलं. मी कागद घेतला, वर मिती घातली, शेजारी तारीख घातली, आणि ते सांगतील तसं लिहिलं: पत्र पावले, मजकूर समजला, सर्वांस फार आनंद झाला.